लाकूड तेल पितं का?

सातवीच्या सुट्टीत लाठी शिकायला गेलो, तेव्हा वस्तादांनी काठी हातात देऊन पहिल्याच दिवशी सांगितलं, "हिला तेल पाज." किती, कोणतं, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. घरी येऊन आईची पाठ फिरल्यावर करडईच्या तेलाची वाटी काठीवर रिकामी केली, चोळ चोळ चोळली आणि काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली. पंधरा दिवसांत तिच्यावर पिवळट चिकट थर चढला, त्यावर अंगणातली धूळ बसली, आणि तळहातातून सुळकन फिरायची ती काठी जागोजागी अडकायला लागली. वस्तादांनी ती नाकाशी नेली, काही न बोलता परत दिली आणि राखेने घासून आणायला सांगितलं.

तेल लावलं होतं, तेही भरपूर. मग बिघडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना पुढे सुतार, तालमीतले लोक, बॅट दुरुस्त करणारे, शेतकरी अशा अनेकांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं तेल सांगितलं आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं. कारण 'तेल' हा एक शब्द आपण किमान तीन वेगळ्या कामांना वापरतो. एक, घसरण द्यायला. दोन, लाकडावर पातळ कवच धरायला. तीन, लोखंडाला गंज लागू न द्यायला. चौथं एक काम सगळे सांगतात, ते म्हणजे 'लाकडाला खायला घालायला', आणि माझ्या मते ते कामच अस्तित्वात नाही. कापलेलं लाकूड मेलेलं असतं, त्याला भूक नसते. ते तेल शोषतं ते पोकळ नळ्यांत कोणताही द्रव शिरतो तसं.

माझ्या काठीचा गुन्हा तेलाच्या जातीत होता. काही वनस्पती तेलं हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात. पाणी उडून कपडा वाळतो तसं हे वाळणं नव्हे. तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्याचं राळेसारख्या पापुद्र्यात रूपांतर होतं आणि वजन कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढतं. तेलात ही ताकद किती, हे रसायनवाले आयोडीन अंकाने मोजतात. खोबरेल ७ ते १० च्या घरात, एरंडेल ८५ च्या आसपास, शेंगदाणा त्याच्या जरा वर, तीळ ११० च्या आगेमागे, करडई १४० च्या आसपास आणि जवस १७० ते २००. साधारण १३० च्या वरची तेलं वाळणारी मानतात. म्हणजे मराठवाड्या-सोलापुराकडच्या कित्येक घरांत रोजच्या फोडणीला असलेलं करडईचं तेल रंगाच्या कारखान्यातही चालतं, आणि जवसासारखं ते पिवळं पडत नाही म्हणून पांढऱ्या रंगात त्याला मानही आहे. पण ते जवसाइतकं कडक होत नाही. जाड लावलं की ना धड वाळत, ना धड ओलं राहत. माझ्या काठीवर नेमकं हेच झालं होतं.

आता मल्लखांब घ्या. सागवानी किंवा शिसवी खांब, जमिनीवर सुमारे अडीच मीटर, वर निमुळता होत गेलेला, आणि त्यावर एरंडेल. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा प्रकार नव्याने उभा केला असं मानतात. खांबाला एरंडेलच का, याचं उत्तर त्या तेलाच्या घडणीत आहे. ते दाट आहे, चटकन ओघळत नाही, आणि वाळत नाही. मांडीची कातडी आणि लाकूड यांच्यामध्ये ते पातळ थर धरून राहतं, त्यामुळे पकड राहते पण सालटं निघत नाही. त्याच खांबाला कोणी 'लाकूड टिकावं' म्हणून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवस, लावलं, तर चार दिवसांनी पोरांची कातडी खांबालाच राहील. एरंडेल खांबासाठी नाहीच, ते खेळाडूसाठी आहे. खांबाला त्यातून काही संरक्षण मिळत असेल तर तो वरकड फायदा. हेच एरंडेल कच्छमधल्या निरोणा गावात तासन्तास उकळून घट्ट रोगण करतात आणि त्याने कापडावर नक्षी काढतात. बाटलीवरचं नाव तेच, पण आच दिली की तेलाचा स्वभावच पालटतो.

बैलगाडीचं वंगण याच घराण्यातलं. गाडीच्या साटीखाली बांबूचा एक नळा लोंबत असे. एका बाजूने पेर बंद, आत एरंडेलात भिजलेल्या चिंध्या, आणि एक काडी. चाक कुरकुरलं की गाडीवान उतरून आसाला हात देणार. तिथेही तेलाने वाळता कामा नये. जपानी सुतारांच्या पेटीत असाच एक बांबूचा तुकडा असतो, 'आबुरात्सुबो' नावाचा. पेरापाशी कापलेला, आत सुती कापडाची घट्ट गुंडाळी, तेलात मुरलेली. रंधा मारता मारता मध्येच त्याचं बूड या गुंडाळीवरून फिरवायचं, की रंधा हलका पळतो आणि पात्यालाही तेलाचा हात मिळतो. आपल्याकडच्या सुताराकडे बांबूऐवजी पत्र्याचा डबा आणि तेलाचा बोळा असतो, एवढाच फरक. करवत अडकली की तिच्या दोन्ही अंगांना बोळा फिरवायचा. खोबरेल, गोडेतेल, मशीनचं तेल, हाताशी असेल ते चालतं, फक्त वाळणारं नको. जवस पटाशीच्या पात्यावर राहिलं तर महिन्याभरात तपकिरी लाख चढवल्यासारखं दिसतं.

कवच धरायचं काम मात्र जवसाचंच. रंगारी आणि सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेलं जवस. आजकाल दुकानात मिळतं त्यात नुसती आच नसते, कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगं घातलेली असतात, म्हणून ते एक-दोन दिवसांत सुकतं. कच्च्याला हवामान पाहून आठवडाही लागतो. पूर्वी शिशाची संयुगंही घालत, तेव्हा जुन्या डब्यातलं उरलेलं तेल लाटण्याला किंवा मुलांच्या खेळण्यातल्या तलवारीला लावू नये.

क्रिकेटवाल्यांनी या तेलाशी सगळ्यात शिस्तीचं नातं ठेवलंय. नव्या बॅटला कच्च्या जवसाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर बॅट आडवी ठेवून सुकू द्यायची, आणि मूठ जिथे पात्यात घुसते त्या सांध्याला तेल लावायचं नाही, कारण तिथला डिंक सुटतो. तरीही दर मोसमात एखादा उत्साही पोरगा बॅट रात्रभर तेलाच्या ताटात उभी करतो. बॅट जड होते, पातं मऊ पडतं आणि चेंडू मारल्यावर ओल्या पोत्यासारखा आवाज येतो. तेल 'पाजणं' या शब्दाने जेवढ्या बॅटी मेल्या, तेवढ्या फास्ट बोलरांनी मोडल्या नसतील.

तेल लाकडाला तडकण्यापासून वाचवतं, ही समजूत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असली तर लाकडात वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, ९० टक्के असली तर वीसच्या आसपास. पुण्यातली एप्रिलची दुपार आणि महाबळेश्वरचा जुलै यांच्यात हेच अंतर आहे. ओल घेताना लाकूड रुंदीत फुगतं, सोडताना आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ काहीच होत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसनला १९१० साली सुरू झालेली सरकारी लाकूड प्रयोगशाळा आहे. तिथे पाइनच्या तुकड्यांना वेगवेगळे लेप देऊन ते ३० टक्क्यांच्या हवेतून ९० टक्क्यांच्या हवेत ठेवले आणि लेप न दिलेल्या तुकड्याच्या मानाने कोणत्या लेपाने किती ओल अडवली ते मोजलं. जवसाच्या तीन हातांनी पहिल्या दिवशी जेमतेम तिसरा हिस्सा ओल अडवली आणि चौदाव्या दिवशी शून्य. पॅराफिन मेणात बुडवलेल्या तुकड्याने चौदाव्या दिवशीही ९५ टक्के अडवली.

शून्य. मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मलाही पटला नव्हता. पण अनुभव तोच सांगतो. आमच्या गावाकडच्या घरात तेल लावलेल्या आणि न लावलेल्या कुदळी एकाच कोपऱ्यात असतात. वैशाखात दोन्हींचे दांडे खुळखुळतात आणि आषाढात दोन्ही आपोआप आवळतात. तेलाचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. पावसाचा थेंब पडला तर ओघळून जातो, घामाचा डाग आत मुरत नाही, चिखल सहज पुसला जातो. ऋतूभराच्या दमटपणाला ते अडवत नाही. टोकांना मात्र मेणाचा हात द्यावा, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या तोंडाने असतात. बाजूंपेक्षा टोकाकडून ओल कितीतरी पट वेगाने आत-बाहेर करते आणि चिरा पहिल्यांदा तिथेच पडतात. दहा रुपयांची मेणबत्ती वितळवून काठीची दोन्ही टोकं बुडवली तर ते अख्ख्या काठीला पाजलेल्या पाव लिटर तेलापेक्षा उपयोगी.

सैल दांड्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबू. कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की रात्रभर पाण्यात टाकायचा, हा गावोगावचा उपाय. सकाळी दांडा घट्ट, माणूस खूश. पण नेढ्यात अडकलेलं लाकूड फुगायला जातं तेव्हा त्याला जागा नसते, म्हणून आतले तंतू चिरडतात. मग उन्हात ते आकसतं ते आधीपेक्षाही बारीक होऊन. दुसऱ्यांदा भिजवावं लागतं, तिसऱ्यांदा लवकर, आणि एक दिवस पातं भलतीकडे उडतं. आमच्याकडे हे झालंय. पातं शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळलं आणि काकांनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. खरा उपाय नवी पाचर, किंवा दांडा काढून, खांद्याला तासून, पुन्हा बसवणं. नेढ्यात वरून बेलतेल सोडलं तर ते आत सुकून राहतं, त्याने थोडा आधार मिळतो, पण तो पाचरीचा धाकटा भाऊ. टिकावाला हा त्रासच नाही, कारण त्याचा दांडा वरून उतरवतात, टोकाशी जाड. जितकं मारावं तितका तो आवळतो.

दांड्याचं लाकूड कुठलं, याबद्दल आपल्याकडचं ज्ञान तेलाच्या ज्ञानापेक्षा पक्कं आहे. लवचीक दांड्याला धामण, कणखरपणाला बाभूळ, तिवस. बाभळीत टॅनिन भरपूर, ओल्या लोखंडाशी भेट झाली की निळा-काळा डाग पडतो. शाई याच रसायनावर बनत असे. तो डाग म्हणजे सडणं नव्हे, पण तिथे ओल पोचली याची ती पावती असते. दुकानातून आणलेल्या दांड्यावर चकचकीत वॉर्निश असतं. ते आधी फुटक्या काचेने खरवडून काढावं. वॉर्निश घामाने निसरडं होतं आणि तळहाताला फोड आणतं, तेल लावलेलं लाकूड तसं करत नाही. इथे तेलाचा खरा धनी पुन्हा हातच निघाला, लाकूड नव्हे.

सरावाच्या शस्त्रांकडे वळलं की हाच वाद जपानमध्येही भेटतो. लाकडी तलवार, बोक्केन, तिकडच्या सदाहरित ओकची. पांढरा ओक चिवट, तांबडा जरा ठिसूळ. मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो शहरात देशातली बहुतेक लाकडी शस्त्रं बनतात. पारंपरिक लोक तिला कॅमेलियाचं तेल पुसतात, जे वाळत नाही. युरोप-अमेरिकेतले शिष्य जवस किंवा टंग या वाळणाऱ्या तेलांचे हात देतात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना हसतात. माझ्या मते दोघंही मुद्द्याच्या बाजूने निघून जातात. तलवार तलवारीवर आपटणार असेल, तर तिचं आयुष्य ठरतं ते लाकडाच्या रेषेवर. रेषा मुठीपासून टोकापर्यंत सलग गेली असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. रेषा मध्येच तिरपी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर कुठलंही तेल तिला वाचवत नाही, एक दिवस ती त्या तिरप्या रेषेवरच तुटणार, आणि लांबलचक अणकुचीदार तुकडा समोरच्याच्या दिशेने जाणार. विकत घेताना तेल लावलेली, गडद केलेली तलवार घेऊ नये. रेषा दिसेल अशी कोरी घ्यावी. केंडो या जपानी तलवारबाजीत बांबूच्या चार पट्ट्यांची शिनाई वापरतात. तिची सल मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून प्रत्येक सरावाआधी पट्ट्यांवरून बोट फिरवून पाहायची शिस्त आहे.

आपल्या तालमींत हा हात फिरवण्याचा भाग अजून हवा तितका मुरलेला नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत काठी, बोथाटी, फरी-गदगा आहे, बाहेर मुद्गल, करेल, लेझीम. मुद्गलाचा धोका मानेशी असतो, जिथे जाड बूड संपून मूठ सुरू होते. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. मुद्गल उचलून लाकडी ठोकळ्याने हलकं ठोकून पाहावं, भरीव असेल तर खणखणीत, चीर असेल तर बद्द वाजतं. तेलाच्या थराखाली चीर लपते, हा जास्त तेल लावण्याचा आणखी एक तोटा.

बांबूच्या काठीचं प्रकरण वेगळं. त्याची बाहेरची साल इतकी गुळगुळीत आणि सिलिकाने भरलेली की तेल आत जातच नाही, नुसतं वर पसरतं. बांबूला खरा शत्रू आतला पिष्टमय साठा खाणारा भुंगेरा. काठीखाली पिठासारखी भुकटी पडली की समजावं. कोकणात माणगा तोडून पाण्यात मुरवत ठेवायची चाल आहे, त्याने तो साठा धुऊन जातो. वद्य पक्षात तोडायची चालही आहे. चंद्राबद्दल मी काही बोलत नाही, पावसाळ्यानंतर तोडावं हे मात्र नक्की. घाटावर काठी चुलीवरच्या माळ्याला बांधत, वर्षभर धूर खाऊन ती काळी तुकतुकीत होई. ज्याला आपण 'तेल पाजलेली जुनी काठी' म्हणतो, ती बहुधा तेलाने नाही, धुराने आणि आजोबांच्या हाताच्या घामाने तशी झालेली असते.

किनाऱ्यावर लाकडाला आणखी दोन तेलं लागतात, तारल्यांचं आणि काजूच्या टरफलांचं. होडीच्या बुडाला ठीक, हाताच्या वस्तूला नाही. काजूचं टरफल बिब्ब्याचं भावंड, आणि बिब्बा उततो हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पोळपाट-लाटण्याला घरातलं गोडेतेल लावलं तर ते खवट होतं. खोबरेल खवटायला फार वेळ घेतं, थंडीत थिजतं एवढंच.

वेळापत्रकाबद्दल सुतारकामाच्या इंग्रजी पुस्तकांत एक सूत्र असतं, आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि पुढे वर्षातून एकदा. आपल्या हवेत ते जसंच्या तसं चालत नाही. कच्चं जवस श्रावणात लावलं तर कोकणात ते सुकत नाही, उलट त्यावर बुरशी धरते, कारण न सुकलेलं तेल बुरशीला खाद्यच आहे. चैत्र-वैशाखात पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढावं, हाताला ओशट लागू नये इतकं. काठीला चहाचा चमचाभर तेल पुरतं. माझी वाटी पाच-सहा जन्मांना पुरली असती.

आणि ते फडकं. जवस प्राणवायू घेताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्यात ती साठते आणि बोळा आपणहून पेटतो. फिलाडेल्फियातली वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री अशीच पेटली. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांना तेल लावणाऱ्यांनी बाविसाव्या मजल्यावर टाकलेल्या चिंध्यांपासून आग सुरू झाली, अग्निशमन दलाचे तीन जवान गेले, आणि पाणी फवारणारी यंत्रणा जिथे बसवलेली होती त्या तिसाव्या मजल्यावर ती थांबली. फडकं वापरून झालं की अंगणातल्या दोरीवर एकेरी वाळत घालायचं, किंवा पाण्यात बुडवून टाकायचं. खोबरेलाच्या किंवा मशीनच्या तेलाच्या बोळ्याला हा धोका जवळजवळ नाही, म्हणून सुताराचा डबा वर्षानुवर्षं शांत राहतो. बेलतेलाचं फडकं चुकून त्या डब्यात गेलं तर नाही राहणार.

आपल्याकडे अवजारांकडे बघायचा एक दिवस पंचांगातच आहे, खंडेनवमी. पावसाळा नुकताच सरलेला, गंज आणि बुरशी जे काय करायचं ते करून मोकळे झालेले. सगळं बाहेर काढून घासायचं, तेल लावायचं, पूजा करायची. पंचांगाची वेळ अचूक आहे, चुकतो तो पूजेनंतरचा आठवडा. ओलं गंध, हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं पटाशीच्या पात्यावर दिवाळीपर्यंत तशीच राहतात, आणि फूल उचललं की खाली पाकळ्यांच्या आकाराचा तांबडा गंज दिसतो. आमच्या घरी आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फुलं काढून पुन्हा बोळा फिरवतात.

करडईच्या तेलाने खराब झालेली ती काठी मी राखेने घासून, मग पॉलिश पेपरने साफ करून पुढची सहा वर्षं फिरवली. सातव्या वर्षी एका टोकाकडून दीड हातावर बद्द वाजायला लागली. वस्तादांनी करवत मागवली, चिरेच्या वर चार बोटं सोडून कापली, कापलेलं तोंड मेणात बुडवलं आणि नुकत्याच आलेल्या एका बुटक्या पोराच्या हातात दिली. त्याला सांगितलं, "हिला तेल पाजू नकोस."